वरातीतल्या मास्टरचा उस्ताद कोण?

लग्नसराईत शहागंजकडून सिटी चौकाकडे वरात निघाली की आपल्या कानावर आधी ताशा पडतो, मग ट्रम्पेट, मग नवरदेवाच्या दोस्तांचा गलका. पण गाण्याचा मुखडा, ज्यावरून आपण ते गाणे ओळखतो, तो बहुतेक वेळा येतो एका काळ्या, दोन-सव्वादोन फूट लांबीच्या, चकचकीत चाव्या लावलेल्या वाद्यातून. त्याला क्लॅरिनेट म्हणतात. बँडमधली मंडळी क्लारनेट म्हणतात. ते वाजवत सगळ्या ताफ्याला पुढे नेणारा माणूस म्हणजे ‘मास्टर’. त्याचे नाव आपल्यापैकी किती जणांनी कधी विचारले असेल?

याच वाद्यावर शास्त्रीय संगीत वाजवण्यात आणि शिकवण्यात आयुष्य घालवलेले कलावंत आपल्या देशात झाले आहेत. त्यांतले एक तर आपल्या मराठवाड्याच्या जुन्या नात्यातले, रायचूरचे. या महिन्यात त्यांच्याविषयी आणि तमिळनाडूतल्या आणखी एका उस्तादांविषयी लिहायचे आहे. वाद्य तेच, फुंकरही माणसाचीच. मग एकाला पंडित म्हणतात आणि दुसऱ्याला नुसते ‘बँडवाला’, हे कशामुळे, हा प्रश्न मला शिक्षिका म्हणून पडतो. त्याचे उत्तर या दोघांच्या तालमीत सापडते.

आधी वाद्याची ओळख करून घेऊ. क्लॅरिनेटचा जन्म सुमारे 1700 साली जर्मनीतल्या न्यूरेंबर्ग शहरात झाला. योहान ख्रिस्टोफ डेन्नर नावाच्या कारागिराने एका जुन्या साध्या वाद्यात सुधारणा करून ते तयार केले. चांगले क्लॅरिनेट आफ्रिकेतल्या टांझानिया, मोझांबिक या भागांत मिळणाऱ्या काळ्या, जड लाकडाचे असते. त्याचे पाच तुकडे एकमेकांत बसवायचे. तोंडाच्या तुकड्याला बोरूच्या जातीच्या झाडाची एक पातळ पत्ती बांधलेली असते. फुंकर घातली की ती पत्ती थरथरते आणि स्वर निघतो. शहनाईला पत्ती दुहेरी, क्लॅरिनेटला एकेरी. पत्ती बिघडली की मोठा वादकसुद्धा हतबल होतो. म्हणून वादक तिला जिवापाड जपतो.

शिकणाऱ्याला हे वाद्य अवघड का जाते, तेही सांगते. बासरी किंवा शहनाईवर बोटे तशीच ठेवून फुंकर वाढवली की तोच स्वर वरच्या सप्तकात मिळतो. मधला सा होता, तर तार सप्तकातला सा. क्लॅरिनेटची नळी आतून सरळ आहे आणि तोंडाकडून बंद असल्यासारखी वागते. त्यामुळे डाव्या अंगठ्याजवळची चावी दाबून वर गेले की मधल्या सा-च्या जागी तार सप्तकातला सा मिळत नाही. त्याच्याही पुढचा पंचम मिळतो! म्हणजे खालच्या स्वरांची बोटे वेगळी आणि वरच्या स्वरांची वेगळी. विद्यार्थ्याला जणू दोन वाद्ये शिकावी लागतात.

दुसरी अडचण आपल्या संगीताची आहे. आपल्या रागांत स्वर पायऱ्यांसारखे सुटे नसतात. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याला मींड म्हणतात आणि तिच्याशिवाय राग बेचव होतो. चाव्यांचे वाद्य म्हणजे ठरलेल्या पायऱ्या. पेटीवर मींड निघत नाही, याच एका मोठ्या कारणासाठी आकाशवाणीने 1940 साली हार्मोनियमवर बंदी घातली होती आणि ती सैल व्हायला 1971 उजाडले. क्लॅरिनेटलाही चाव्या आहेत. पण त्याची काही भोके थेट बोटांखाली येतात. बोट हळूहळू सरकवत भोक उघडले आणि ओठांचा दाब त्याच वेळी कमी-जास्त केला, तर स्वर सरकतो. जुन्या पद्धतीच्या क्लॅरिनेटमध्ये चाव्या कमी आणि मोकळी भोके जास्त असतात. म्हणून आपल्या बँडमध्ये ते जुने वाण अजूनही टिकून आहे. तुर्कस्तानातले वादकही त्यांच्या मींडेसाठी जुनीच पद्धत पसंत करतात. पाश्चात्त्यांनाही हे अगदीच अनोळखी नाही. 1924 साली न्यूयॉर्कमध्ये जॉर्ज गर्श्विन यांच्या एका रचनेच्या तालमीत रॉस गॉर्मन या वादकाने सुरुवातीची सुटी स्वरमाला गमतीने घसरत वाजवली. ती गर्श्विन यांना इतकी आवडली की रचनेची ओळखच ती झाली.

म्हणजे मींड वाद्यात आयती नाही, ती बोटांनी आणि ओठांनी कमवावी लागते. पण कमवायची काय, हे कळण्यासाठी ती आधी कानात असावी लागते. ती कानात कोण घालतो? इथे रायचूरची गोष्ट येते.

रायचूर आज कर्नाटकात आहे. पण 1 नोव्हेंबर 1956 पर्यंत आपले औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर, आणि रायचूर एकाच हैदराबाद राज्यात होते. आपल्या घरातल्या जुन्या माणसांना निजामाच्या काळातल्या जिल्ह्यांची नावे तोंडपाठ असायची. त्यात बीड, परभणी, उस्मानाबादबरोबर रायचूर, गुलबर्गा, बिदर यायचेच. त्या रायचूर जिल्ह्यातल्या वडवाटी या खेड्यात 1942 साली पंडित नरसिंहलू वडवाटी यांचा जन्म झाला. हिंदुस्थानी शास्त्रीय संगीत क्लॅरिनेटवर वाजवणारे आणि शिकवणारे म्हणून त्यांनी नाव मिळवले. गावाचे नाव त्यांनी आडनावासारखे सोबत ठेवले आणि त्या छोट्या गावाला देशभर पोचवले.

त्यांचे गुरू होते पंडित सिद्धराम जंबलदिन्नी. रायचूरमध्ये त्यांच्या नावाचे रंगमंदिर आहे, इतका त्या शहरात त्यांचा मान. आणि हे जंबलदिन्नी होते गवई, कंठसंगीताचे कलावंत. म्हणजे क्लॅरिनेटवादकाचा गुरू एक गायक!

यात विसंगती वाटेल. ज्याची विद्या गळ्याची, तो वाद्य कसे शिकवणार? शाळेत आपण असे मानतो की ज्याला जे येते तेच तो शिकवू शकतो. पण आपल्या संगीताची तालीम निराळी आहे. गुरू एक जागा गातो. शिष्य आधी ती गळ्यातून काढतो, मग वाद्यावर शोधतो. कोणते बोट कुठे ठेवायचे, हे शिष्याचे शिष्याने बघायचे. ‘हा गंधार अजून उतरला पाहिजे’, ‘इथे थांबू नकोस’, ‘हा स्वर एवढ्या लवकर दाखवू नकोस’, हे सांगायचे काम गुरूचे. बोटांची सवय आरशासमोर बसूनही लावता येते. कानाला मात्र दुसऱ्या माणसाचा कान लागतो. वडवाटींच्या क्लॅरिनेटवर ख्याल गायकीच्या अंगाने रंगतो, तो या तालमीमुळे. वाद्य जर्मनीत जन्मलेले, लाकूड आफ्रिकेचे, पण त्यातून येणारा श्वास रायचूरच्या गवयाने घडवलेला.

वडवाटींनी जे मिळाले ते आपल्यापुरते ठेवले नाही, रायचूरसारख्या ठिकाणी विद्यार्थी घडवले. हे मला मैफलींपेक्षा मोठे वाटते. मुंबई-पुण्यात सभागृहे आहेत, रसिक आहेत, वर्तमानपत्रे आहेत. आडबाजूच्या जिल्ह्यात शिष्य जमवायचे म्हणजे आधी आईवडिलांची समजूत काढायची, मग मुलाच्या हातात वाद्य येईल असे बघायचे, आणि मग वर्षानुवर्षे त्याच्या बेसुरपणाला सबुरीने तोंड द्यायचे. आपल्या मराठवाड्यातल्या कोणत्याही शिक्षकाला हे काम परके वाटणार नाही.

आता दक्षिणेकडे जाऊ. क्लॅरिनेट तिथे आपल्या आधी शास्त्रीय संगीतात रुजले, आणि त्यात मराठी राजांचा थोडा हात आहे. तंजावरला भोसल्यांचे राज्य होते. तिथल्या सरफोजी राजे दुसरे यांच्या काळात, म्हणजे 1798 ते 1832 मध्ये, दरबारात युरोपीय पद्धतीची वाद्ये वाजू लागली होती. पुढे त्याच एकोणिसाव्या शतकात तंजावरच्या नृत्याच्या साथीत क्लॅरिनेट आले. म्हणजे ते कर्नाटक संगीतात शिरले ते साथीदार म्हणून. नर्तकीच्या मागे उभे राहून वाजवायचे, अशी त्याची जागा.

त्या मागच्या जागेवरून त्याला पुढे आणून बसवले तिरुचिरापल्लीच्या ए. के. सी. नटराजन यांनी. जन्म 1931 चा. वडील स्वतः क्लॅरिनेट वाजवायचे, त्यामुळे वाद्य घरातच होते. पण वडिलांचा मुलगा म्हणून वाजवत राहणे एवढ्यावर ते थांबले नाहीत. त्यांनी गायन शिकले आलत्तूर वेंकटेश अय्यर यांच्याकडे आणि नागस्वरम शिकले इलुप्पूर नटेश पिल्लै यांच्याकडे. नागस्वरम म्हणजे दक्षिणेतल्या देवळांचे, मंगलकार्याचे मोठे सुषिर वाद्य. आपल्या शहनाईचे थोरले भावंड म्हणा. नागस्वरमची लांबच लांब आलापी त्यांनी क्लॅरिनेटवर आणली. नागस्वरमचे त्या काळचे सम्राट टी. एन. राजरत्नम पिल्लै यांनी त्यांना ‘क्लॅरिनेट एव्हरेस्ट’ असा किताब दिला. चेन्नईच्या म्युझिक अकादमीचा ‘संगीत कलानिधी’ हा कर्नाटक संगीतातला मोठा सन्मान त्यांना 2008 साली मिळाला आणि 2022 साली पद्मश्री.

या दोन आयुष्यांत मला एक समान धागा दिसतो. दोघांनीही वाद्य एका ठिकाणाहून घेतले आणि संगीत दुसऱ्या ठिकाणाहून. नटराजन यांच्या घरी क्लॅरिनेट होते, तरी ते गायकाच्या पायाशी बसले. शहनाईचेही असेच झाले. एके काळी शहनाई दाराबाहेर, नौबतखान्यात वाजायची. मामा अली बख्श यांच्याकडे शिकलेल्या बिस्मिल्ला खाँसाहेबांनी ठुमरी, कजरी, ख्याल तिच्यात उतरवले, आणि ती दारातून मैफलीच्या मंचावर आली. 2001 साली खाँसाहेबांना भारतरत्न मिळाले. शहनाई होती तशीच राहिली. बदलली ती तालीम, आणि तालमीमुळे ऐकणाऱ्याची नजर बदलली.

आपल्या महाराष्ट्रातही क्लॅरिनेटला कमी लेखू नये. 78 आरपीएमच्या तबकड्यांच्या जमान्यात मास्टर इब्राहिम यांनी क्लॅरिनेटवर वाजवलेल्या सिनेगीतांच्या धुना घरोघरी ऐकल्या जात. गायकाचे शब्द काढून टाकले तरी गाण्याचा दर्द शिल्लक राहतो, हे त्या तबकड्यांनी दाखवले. पुण्यात गणेश विसर्जनाच्या मिरवणुकीत प्रभात बँड आणि दरबार बँड ऐकायला लोक रस्त्याच्या कडेला ताटकळत उभे राहतात. नाचायला आलेल्यांबरोबर नुसते कान देऊन ऐकणारेही त्या गर्दीत असतात. आपल्याकडे बँडच्या पेशात मुस्लिम घरे बरीच आहेत. बाप मास्टर, चुलता ढोलावर, मुलगा आधी हातात झुनझुना धरतो, मग साइड ड्रम, आणि कान तयार असेल तर एक दिवस क्लॅरिनेटला हात लावतो.

काही वर्षांपूर्वी माझ्या वर्गात अशाच घरातला एक मुलगा होता. सकाळच्या दुआच्या वेळी पेटी काळी एकमध्ये धरली आहे की काळी दोनमध्ये, हे तो पेटीकडे न पाहता सांगायचा. मी विचारले, “किसने सिखाया बेटा?” म्हणाला, “अब्बा ने. बँड में क्लारनेट बजाते.” पण प्रवेशाच्या अर्जात वडिलांच्या व्यवसायापुढे त्याने ‘मजुरी’ लिहिले होते. असे का, विचारल्यावर मान खाली घालून म्हणाला, “टीचर, बँडवाला लिखे तो पोट्टे नाच के दिखाते.”

पालकसभेला त्याचे वडील आले तेव्हा मी त्यांच्याशी बोलले. लग्नाची सुपारी आली की काम, नाही तर रिकामे दिवस. नवे गाणे मोबाईलवर तीन-चार वेळा ऐकायचे, क्लॅरिनेटवर बसवायचे आणि मग बाकीच्यांना तोंडाने म्हणून दाखवायचे. संध्याकाळी तेच गाणे रस्त्यावर. रागांची नावे त्यांना येत नव्हती, पण कोणते गाणे कोणत्या गाण्याच्या ‘घरातले’ आहे, ते बरोबर सांगत. त्यांना रागच सांगायचा होता, नाव तेवढे माहीत नव्हते. “गवैये के पास बैठने को मिलता तो…” एवढेच म्हणून ते थांबले. पुढच्या वर्षीच्या अर्जात, मुलाला विचारून, मी व्यवसायाच्या रकान्यात ‘क्लॅरिनेटवादक’ असे लिहिले.

आता एक गोष्ट स्पष्ट बोलायला हवी. संगीताविषयी आपल्या घराघरांत वेगवेगळी मते आहेत. कोणी ते अजिबात घरात येऊ देत नाही, कोणी कव्वाली आणि गझलेपर्यंत येऊ देतो, कोणी मुलांना शिकायला पाठवतो. त्या वादात निवाडा देणे माझे काम नाही आणि तेवढे माझे इल्मही नाही. पण वरातीला बँड बोलावणारा, त्याच्या तालावर भाच्या-पुतण्यांना नाचवणारा माणूस दुसऱ्या दिवशी त्याच मास्टरच्या मुलाला हिणवतो, याचे समर्थन कोणत्या मताने करायचे? ज्याला बँड नको वाटतो त्याने बोलावू नये. ते सरळ आहे. ज्याने बोलावला, त्याने मेहनत करणाऱ्याची इज्जत राखावी आणि ठरलेले पैसे मजुराचा घाम वाळण्याआधी द्यावेत.

हे आजच म्हणायचे कारण आहे. बँडचा धंदा आटत चालला आहे. एका गाडीवर भिंतीएवढे स्पीकर चढवले की वीस माणसांच्या ताफ्याची गरज संपते. 2020 आणि 2021 या दोन वर्षांत करोनामुळे लग्नाच्या हंगामावर पाणी पडले, तेव्हा कित्येकांनी वाद्ये पेटीत बंद करून रिक्षा, हमाली, भाजीची गाडी असे काम धरले. काही जण परतले, काही परतले नाहीत. परतले नाहीत त्यांच्याबरोबर त्यांचा तयार कानही गेला. आणि तो कान तयार व्हायला वीस-वीस वर्षे लागलेली असतात. त्या घरातले मूल ‘मजुरी’ लिहून ती विद्या झाकत असेल, तर उरलेलेही एका पिढीत संपेल.

म्हणून दोन-तीन साध्या गोष्टी सुचवते. पहिली, पालकांसाठी. मुलाचा कान चांगला असेल आणि घरच्यांची हरकत नसेल, तर वाद्य शिकवणारा मिळत नाही म्हणून थांबू नका. क्लॅरिनेटचे गुरू प्रत्येक शहरात कुठून मिळणार? पण गाणे शिकवणारा बहुतेक शहरांत मिळतो. मुलाला आधी त्याच्याकडे बसवा. सा लावायला शिकू द्या. वडवाटी आणि नटराजन दोघेही गायकापाशी शिकले, हे लक्षात ठेवा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा प्रारंभिकपासून विशारदपर्यंत आणि पुढेही आहेत. आपल्या शहरात आकाशवाणीचे केंद्र आहे, आणि आकाशवाणी वादकाचा आवाज ऐकून त्याला श्रेणी देते. प्रमाणपत्राने कला येत नाही, पण अर्जातला रकाना भरायला मुलाला ताकद येते.

दुसरी, बँडच्या मास्टर मंडळींसाठी. आपला मुलगा या पेशात येवो न येवो, आपल्याला जे येते ते त्याला सांगा. कोणते गाणे कोणत्या घरातले, पत्ती कशी निवडायची, थंडीत वाद्य आधी गरम का करायचे, वरच्या स्वरांना ओठ किती आवळायचे. हे एका वहीत लिहून ठेवले, तरी ती वही एखाद्या ग्रंथाइतकी मोलाची होईल. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, लिहिता येत नसेल तर मुलाला लिहायला सांगा. मोबाईलवर बोलून ठेवले तरी चालेल.

तिसरी, आपल्या सगळ्यांसाठी. पुढच्या लग्नात वरात दाराशी आली की त्या मास्टरला पाण्याचा ग्लास द्या आणि त्याचे नाव विचारा. मग एवढेच विचारा, “आपके उस्ताद कौन थे?” तो कोणाचे ना कोणाचे नाव घेईलच, नाव घेताना कदाचित कानाच्या पाळीला हातही लावेल. ते नाव आपल्या मुलांना ऐकू द्या.